पंप बंद करा आधी!

"काय गं, पहाटेपासून घरघर चाललीय. पलीकडच्या बंगल्याचा स्विमिंग पूल उपसायला काढलाय ना!"

"हो ना काकू! थोरल्याने पुण्याहून फोन केला आणि वॉचमनने पंप लावला. गणपतीत पाहुणे येणार म्हणे, पूल रिकामा करून घासून ठेव."

"आत्ता? लोणावळ्यात, भर श्रावणात?"

"दोन वर्षं इकडे फिरकला नाही कुणी. भावाभावांची वाटणी अडलीय ना! धाकटा म्हणतो विका, थोरला म्हणतो वीकएंडला भाड्याने देऊ. भांडणं त्यांची, आणि मच्छरदाण्या आमच्या घरात."

"पाणी बघितलंस का? हिरवंगार, तळ म्हणून दिसत नाही. परवा त्यात दिवड पोहत होती. बिनविषारी असते म्हणून काय झालं, माझी तर पाचावर धारण बसली!"

"मग उपसलं तर बरंच झालं की."

"कसलं बरं! आमच्या ह्यांचा जन्म गेला पाण्याच्या टाक्या बांधण्यात. पंपाचा आवाज ऐकला आणि हातातला चहा तसाच ठेवून गेले धावत. अगं, पूल पंचवीस फूट लांब, बारा रुंद, सरासरी चार फूट खोल. म्हणजे झालं चौतीस हजार लिटर, वजनात चौतीस टन. त्या भाराने तो जागेवर बसलाय. आपल्याकडे पावसाळ्यात चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, जमीन आत्ता पाणी पिऊन तट्ट. आमच्या विहिरीचं पाणी काठापासून दोन हातांवर आलंय, पूल त्याहून खोल. आतला भार काढला की बाहेरचं पाणी खालून रेटा देणार. रिकामी टाकी होडीसारखी वर यायला बघते."

"सिमेंटची टाकी वर येते? काहीतरीच काय!"

"अख्खी नाही उचलली, तरी तळ फुगतो, फरश्या उखडतात, पाइपांचे सांधे निखळतात. चांगल्या पुलाच्या तळाला झडप ठेवतात. बाहेरचा दाब वाढला की ती उघडते आणि पाणी आत घेते. पण ह्या पुलाला ती आहे की नाही कुणाला ठाऊक! असली तरी गाळाने गच्च बसली असेल."

"मग डासांनी आम्हाला खाल्लं तरी चालेल?"

"त्याला गप्पी मासे सोडायचे. आरोग्य केंद्रात विचार, देतात ते. अंड्यातून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, तोवर अळ्या माशांच्या पोटात. क्लोरीनच्या पाण्यात हे मासे जगत नाहीत, पण ह्या पुलात दोन वर्षांत चिमूटभर तरी क्लोरीन पडलंय का?"

"आणि उपसायचं कधी मग?"

"संक्रांत होऊ दे, विहिरी खाली जाऊ देत. मग रोज थोडं थोडं काढायचं आणि केळी-नारळींना द्यायचं. आत्तासारखं रस्त्यावर सोडायचं नाही. तळात उतरायचं तेही एकट्याने नाही. शेवाळावरून पाय सटकला तर कंबरडं मोडेल."

"वॉचमन काय म्हणाला काकांना?"

"मालक सांगतील तसं! ह्यांनी त्याच्याच फोनवरून थोरल्याला गाठलं. तो म्हणतो, काका, पूल माझा आहे, मी बघतो."

"बाई बाई! वाटणीच्या आधीच पूल ह्याचा झाला?"

"तर! अजून हातभरच पाणी उतरलंय, तेवढ्यात पंप थांबला तर पूल वाचेल. तुझ्या ह्यांचं धाकट्याशी बोलणं आहे ना? त्याला कळवायला सांग. पंप आत्ता बंद केला नाही, तर बंगल्याची वाटणी राहील बाजूला, आधी दुरुस्तीच्या खर्चाची वाटणी करावी लागेल!"