सुबक व नामनिर्देशित

बोर्डाच्या पेपरात आकृती मागतात ती 'सुबक व नामनिर्देशित'. हृदयाची मागा, नेफ्रॉनची मागा, फुलाची मागा. रोह्याची मुलं पट्टी लावून अशी नावं देतात की पाहत राहावं. मानवी प्रजनन संस्थेची मागितली की मात्र हात कापायला लागतो. एका मुलाने ती आकृती इतक्या फिकट पेन्सिलीने काढली होती की वही खिडकीशी नेऊन तिरकी धरल्याशिवाय रेघ दिसेना. नावं मात्र ठसठशीत. वृषण, शुक्रवाहिनी, मूत्राशय, सगळी कोऱ्या कागदावर अधांतरी लोंबत होती. मूत्राशय तर दोनदा लिहिलं होतं, कारण त्यातल्या त्यात ते सभ्य. मी त्याला पूर्ण गुण दिले. धैर्याचे धरून.

धड्याचं नाव 'सजीवांतील जीवनप्रक्रिया, भाग २'. नावावरून आत काय आहे याचा पत्ता लागू नये अशी चोख व्यवस्था. पुस्तक करणारेही शेवटी आपल्यातलेच. सुरुवातीला अमिबा दुभंगतो, मग हायड्राला कळी फुटते, मग फुलातले परागकण येतात, आणि हे सगळं शिक्षक फार रसाळपणे शिकवतात. माणसाची पाळी आली की घंटा तरी होते, नाहीतर 'पुढचं घरून वाचून या' असं फर्मान निघतं. मुलं इतका आज्ञाधारकपणा दुसऱ्या कुठल्याच बाबतीत दाखवत नाहीत. जुनी पुस्तकं पुढच्या वर्गाला देताना बघावं, पुस्तक टेबलावर ठेवलं की आपोआप त्याच पानावर उघडतं.

मी राहते पेणला आणि शिकवते रोह्याला. पेणची म्हणून या विषयातली एक वेगळीच अडचण आहे. हमरापूर, जोहे भागातली पोरं जन्मापासून गणपतीच्या कारखान्यांत वावरतात. साच्यात काथ्या आणि प्लॅस्टर घालताना, शाडू दाबून भरताना, सुटे हात चिकटवताना, शेवटी डोळ्यांची आखणी होताना ती रोज बघत असतात. त्यामुळे मूल कुठून येतं हा प्रश्न त्यांना फार छळत नाही. उत्तर अंगणातच वाळत घातलेलं असतं. त्यातून पुराणात पार्वतीने अंगावरच्या मळाचा मुलगा केला आणि त्यात प्राण घातला. ना दवाखाना, ना शंकराला विचारणं. आमच्या शेजारच्या कारखान्यातल्या एका चिमुरडीने धाकटा भाऊ झाल्यावर आईला शांतपणे विचारलं होतं, "याचा साचा कुठेय? अजून एक काढू."

खरं तर वर्षभर शरीरं घडवणारं हे गाव. 'पोट जरा पुढे घे', 'मांडी बारीक झाली', 'दंडाला गोलाई नाही' असं सकाळपासून मोठ्याने बोलणारी माणसं स्वतःच्या हाडामांसाच्या शरीराकडे वळली की त्यांची निम्मी शब्दसंपत्ती आटते. मग उरतं ते 'तिथं', 'खाली' आणि 'तसलं'. रोह्याच्या गाडीतल्या बायकांच्या डब्यातही हेच. सासऱ्यांच्या मूळव्याधीची चर्चा कासूपासून नागोठण्यापर्यंत खणखणीत आवाजात चालते. पाळीचा विषय निघाला की चार डोकी जवळ येतात. बाजारात सुकट आणि बोंबील उघड्यावर मांडलेले असतात. सॅनिटरी पॅडचं पाकीट मात्र आधी वर्तमानपत्रात आणि मग काळ्या पिशवीत. परिणाम असा की काळी पिशवी हातात दिसली की अख्ख्या बाजाराला बिनचूक कळतं.

पूर्वी सगळं बरं होतं, असं म्हणायला मी धजणार नाही. पूर्वी उलटं होतं. मुलीला न्हाण आलं की तिला मखरात बसवत, ओटी भरत, गाणी म्हणत, गोडधोड करत. साऱ्या आळीला बातमी. मुलीचं लग्न बहुधा आधीच होऊन गेलेलं असे आणि सोहळ्याचा खरा अर्थ तिची सासरी रवानगी हा असे, म्हणून त्या मखराबद्दल मला फारसं कौतुक नाही. आता मखर गणपतीपुरतं राहिलं आणि ही बातमी सख्ख्या भावालाही कळत नाही. तेव्हा सगळ्यांना सांगत, आता कुणालाच सांगत नाहीत. जिच्या पोटात दुखतंय तिला मात्र काही सांगायची पद्धत तेव्हाही नव्हती. दर महिन्याला घडाभर रक्त जातं असं समजणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. जातं ते साधारण तीस-चाळीस मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. हे सांगितलं की वर्गातल्या मुलींचे खांदे खाली येतात, अगदी दिसण्याइतके.

वयात येण्याची सुरुवात तर माणूस झोपेत असताना होते, हे मला फार आवडतं. मेंदूच्या तळाशी अधश्चेतक नावाचा एक लहानसा भाग आहे. बाळपणापासून तो गप्प असतो. मग आठ ते तेरा या वयात मुलीच्या आणि नऊ ते चौदा या वयात मुलाच्या बाबतीत, एका रात्री तो ठरावीक अंतराने संप्रेरकाचे हलके ठोके द्यायला लागतो. खालची पियुषिका ग्रंथी ते ऐकते आणि अंडाशयांना किंवा वृषणांना निरोप धाडते. सुरुवातीला हे ठोके मुख्यतः झोपेतच पडतात. आईला वाटतं, पोरगा लोळतोय. तो कामावर असतो.

या अधश्चेतकाला जागं करणाऱ्या प्रथिनाचं नाव 'किसपेप्टिन'. त्याचं जनुक १९९६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावी सापडलं. ते गाव 'किसेस' नावाच्या चॉकलेटसाठी प्रसिद्ध, म्हणून संशोधकांनी जनुकाला चॉकलेटचं नाव ठेवलं. तेव्हा त्यांना त्याचा वयात येण्याशी संबंध ठाऊकच नव्हता. तो २००३ साली उमगला. हा शोध पेणला लागला असता तर आज जगभरच्या वैद्यकाच्या पुस्तकांत 'पापडीन' नावाचं प्रथिन असतं.

बाहेरच्या जगाला याची पहिली खबर लागते ती चपलेच्या दुकानात. हातापायाचे पंजे आधी वाढतात, मग हातपाय, धड सगळ्यांत शेवटी. जूनमध्ये घेतलेले शाळेचे बूट दिवाळीला चावतात आणि आया दुकानदाराशी भांडतात. सातवीच्या वर्गाचा फोटो काढताना मुली मागे उभ्या राहतात आणि मुलं पुढे मांडी घालून बसतात, कारण मुलींची वाढ साधारण दोन वर्षं आधी सुरू होते. दहावीच्या फोटोत रांगा उलटतात. मधल्या काळात पुढच्या रांगेतल्या मुलांच्या मनात काय चाललेलं असतं ते कुठल्याच फोटोत येत नाही.

मग गणपती येतात. भजनात वरच्या पट्टीत गाणारा एखादा मुलगा असतोच. सगळी आळी त्याच्यावर खूश. एका वर्षी 'घालीन लोटांगण'ला त्याचा सूर मध्येच तुटतो, एकदम आजोबांचा आवाज निघतो आणि पुन्हा बाळाचा. सगळे हसतात. तो टाळ खाली ठेवून मागे जातो आणि पुढचे दोन गणपती ओठ हलवून काढतो. झालेलं एवढंच असतं की स्वरयंत्राची कूर्चा वाढली, स्वरतंतू लांब आणि जाड झाले, आणि स्नायूंना नवी लांबी अजून सरावाची नाही. काही महिन्यांत सराव होतो. पण हे त्याला हसणाऱ्यांपैकी कुणी सांगत नाही. खरं म्हणजे हसणाऱ्यांनाही ते ठाऊक नसतं.

रोहेकर चिंतामणराव देशमुखांना आपले मानतात. १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेला माणूस. त्यामुळे या गावात अंडाशयाचा धडा मी खातेवहीनेच शिकवते. मुलगी जन्मते ती दहा-वीस लाख बीजांची ठेव घेऊन. नंतर भरणा एकही नाही. वयात येईपर्यंत तीन-चार लाखच उरतात, बाकीची कुणी हात न लावता आटतात, आणि आयुष्यभरात प्रत्यक्ष कामी येतात चारशे-साडेचारशे. मुलाकडे शिल्लक काहीच नसते, पण वयात आला की रोज कोट्यवधी शुक्रपेशींची टांकसाळ सुरू होते. एकेक शुक्रपेशी पुरती व्हायला मात्र अडीच महिने लागतात. "म्हणजे बाई, मुलींची फिक्स्ड आणि मुलांची करंट," असं मागच्या बाकावरून आलं, तेव्हा हा धडा कधी नव्हे तो मोठ्याने हसत संपला.

वर्गात एक पेटी ठेवली आहे. बुटाचंच खोकं, वर फट. नाव न घालता चिठ्ठी टाकायची, शनिवारी उत्तर. पेटी ठेवायचं ठरलं तेव्हा स्टाफरूममध्ये पुष्कळांचे चेहरे उतरले होते. मुलं भलभलतं विचारतील अशी सगळ्यांना धास्ती. २००७ साली लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावरून विधिमंडळात गदारोळ होऊन राज्यात त्याला स्थगिती मिळाली, त्यामागेही हीच धास्ती होती. चिठ्ठ्या निघाल्या त्या अशा : 'माझी उंची वाढेल का?' 'एक बाजू खाली आणि एक वर आहे, चालतं का?' 'सगळ्या मैत्रिणींचं सुरू झालं, माझं नाही.' आणि एक चिठ्ठी आठ घड्या घालून : 'माझ्या छातीला गाठ आली आहे आणि दुखते. मी मुलगी होतोय का?'

भलभलतं काहीच नव्हतं. प्रत्येकाला विचारायचं होतं ते इतकंच, की मी बरोबर बनतोय ना. म्हणून शनिवारी सांगितलं : खाली-वर बहुतेकांचं असतं, आणि ती पिशवी शरीराबाहेर असते कारण आतल्या कामाला अंगापेक्षा दोन-तीन अंश गारवा लागतो. पाळीची वाट पंधरापर्यंत बघा, पुढे डॉक्टरांना विचारा. आणि छातीची गाठ निम्म्याहून अधिक मुलांना या वयात येते, संप्रेरकांचा तोल बसेपर्यंत राहते, वर्ष-दोन वर्षांत बहुतेकांची जिरते. हे फळ्याकडे तोंड करून सांगितलं, म्हणजे चिठ्ठीवाला कोण ते माझ्याही लक्षात येऊ नये. मागे कुणीतरी एवढा मोठा श्वास सोडला की ऐकू आला.

पेटीची कल्पना काही नवी नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' काढलं आणि वाचकांच्या असल्याच प्रश्नांना सरळ उत्तरं छापली. (हे कर्वे मुरुडचे, पण रोह्याहून एसटी जाते त्या मुरुडचे नव्हेत, दापोलीजवळच्या.) उत्तरं अश्लील ठरवून त्यांच्यावर खटले भरले गेले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी दंड झालाच. मासिक कर्व्यांनी १९५३ साली मरेपर्यंत चालवलं. गणिताचे प्राध्यापक होते. उत्तर बरोबर असेल तर ते पुसायचं नाही हे त्या विषयातच येतं.

सभ्यपणापायी किती नुकसान होऊ शकतं याचं एक उदाहरण मी दर वर्षी देते. बारा ते अठरा या वयात कधी कधी वृषणाला पीळ पडतो, रक्तपुरवठा तुटतो आणि भयंकर कळ येते. साधारण सहा तासांत शस्त्रक्रिया झाली तर वृषण वाचतं. मुलगा घरी काय सांगतो? "पोटात दुखतंय." आई ओवा देते. रात्री हिंग लावते. सकाळी दवाखान्यात तो पुन्हा पोटच दाखवतो. म्हणून माझ्या वर्गात मी नावं पाठच करून घेते, पाढ्यांसारखी, सगळ्यांनी मिळून, मोठ्याने. पहिल्या दिवशी खिदळतात, तिसऱ्या दिवशी कंटाळतात. कंटाळले की धडा जमला.

गेल्या पालकसभेनंतर एक आई मागे थांबली. ती नागोठण्याकडची आणि मुलगा त्याच वर्गातला. मला वाटलं, तक्रार. तिने आधी पाऊसपाण्याचं काढलं, मग खुंटीवरच्या नकाशाकडे बघत म्हणाली, "बाई, ती पेटी फक्त पोरांचीच का?"

सोमवारी पेटीत बॉलपेनने लिहिलेली चिठ्ठी आली, किराण्याच्या बिलाच्या पाठीवर. पाळी चार महिने आली नाही, भाकऱ्या थापताना एकदम अंगातून वाफा निघतात, रात्री झोप उडते, सासू म्हणते उष्णता झाली. वय शेचाळीस. मी उत्तर त्याच बिलावर लिहिलं : ठेव संपत आली आहे, एवढंच. अंडाशय संप्रेरक कमी करतात, म्हणून मेंदूतल्या तापमानाच्या जागेचा अंदाज चुकतो. पाळी सगळ्याजणींचीच जाते, बहुतेकींची पंचेचाळीस ते पन्नासच्या आसपास. चार महिने चुकले म्हणजे दिवस गेलेले नाहीत ना, एवढं तपासून घ्या. पाळी पूर्ण वर्षभर बंद राहून पुन्हा रक्त दिसलं तर मात्र एक दिवसही थांबू नका, दवाखाना गाठा. त्रास फार असेल तर औषध आहे, सोसत बसायची गरज नाही.

चिठ्ठी घडी घालून तिच्या मुलाजवळ दिली. तो उलटसुलट करून बघायला लागला.

"बाई, यात काय आहे?"

"तुझ्या आईचा गृहपाठ," मी म्हटलं, "आणि तू तपासायचा नाहीयेस."