डावा का उजवा?

"काऊन रे बाबू, उजवा हात मोडला काय? कवापासून डाव्यानं भिंतीवर बॉल फेकून राह्यला."

लोहाऱ्यात आमच्या दोन घरांमध्ये तारेचं कुंपण आहे, पण मावशीच्या नजरेला ते लागू नाही.

"नाई मावशी. अक्षय कर्णेवारसारखं जमते काय, पाहून राह्यलो."

"हा कोन?"

"पांढरकवड्याचा, आपल्याच जिल्ह्यातला. विदर्भाकडून खेळला. दोन्ही हातानं स्पिन टाकते. लहानपनी उजव्यानं ऑफस्पिन टाके, पन थ्रो मारे डाव्यानं. 13 वर्षांचा असन, तवा बाळू नवघरे सरायनं म्हटलं, बॉलिंगई डाव्यानं करून पाय."

"अन् समोरच्याले कसं समजाव, कोन्त्या हातानं येते?"

"पहिले अंपायरले सांगा लागते. न सांगता हात बदलला तं नो-बॉल."

"मंग काय मजा राह्यली! चोरानं आवाज देऊन घरात शिराव, तसं झालं."

मुद्दा बिनतोड होता. अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांनाही हाच घोळ निस्तरावा लागला, ते मी तिला सांगितलं. पॅट वेंडिट नावाचा पिचर, दोन्ही हातांनी टाकणारा. 2008 साली त्याच्यासमोर दोन्ही बाजूंनी खेळणारा बॅटर आला. यानं हात बदलला की तो बाजू बदले, त्यानं बाजू बदलली की हा हात बदले. बॉल काही पडेना! शेवटी नियम केला, आधी पिचरनं हात ठरवायचा. वेंडिटच्या हातमोज्याला बोटं सहा, दोन्ही टोकांना एकेक अंगठा, म्हणजे कुठल्याही हातात बसतो.

"सहा बोटायचा मोजा? बरं बाप्पा! कमावलं काय मंग त्यानं?"

"सात वर्षं खालच्या लीगात घासली, तवा 2015 ले ओकलंडनं मोठ्या लीगात उतरवलं. मंग या टीममधून त्या टीममंधी."

"अन् आपला पोट्टा?"

"2016 ले आयपीएलसाठी बंगलोरनं घेतलता, पन एकई सामना खेळवला नाई. 2017 ले चेन्नईत ऑस्ट्रेलियासमोर सराव सामना झाला, तवा पेपरवाले धावले. अन् 2021 ले तं कहरच केला. मुश्ताक अली स्पर्धेत मणिपूरसमोर 4 ओव्हर, 24 बॉल, रन शून्य, विकेट 2. टी-20 मंधी चारई ओव्हर मेडन त्याच्याआंधी कोनाच्याच नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सिक्कीमसमोर हॅटट्रिक!"

"एकई रन नाई? त्या मणिपूरच्या पोट्ट्यायले घरी जेवाले देल्लं का नाई कोनं?"

"पन मले इचारशील तं मावशी, या दोन हाताचाच गवगवा जास्त झाला. फेब्रुवारी 2019 ची रणजी फायनल, नागपूरले, सौराष्ट्रासमोर. तिथं यानं बॅटनं नाबाद 73 काढले. विदर्भ लागोपाठ दुसऱ्यांदा चॅम्पियन. त्याच महिन्यात इराणी चषकात शतक. त्या बॅटिंगचं नाव कोनी काढत नाई."

"लोकायले जत्रेतलं पायजे रे. रोजचं काम कोन पायते?" मावशी तारेला आणखी टेकली. "आमच्या नातवाले त्याची माय डाव्यानं लिहू देत नाई. पट्टी घेऊन बसते. आज सांगतो तिले, लिहू दे म्हना."

"हे बरं केलं मावशी."

"पन परसाद उजव्याच हातात घ्याचा. तिथं अंपायर मी."