लॅमिनेट केलेली आपुलकी

ताम्हिणीची वळणं पोटात साठवत आम्ही दापोली तालुक्यातल्या त्या किनारी गावात पोचलो, तेव्हा चिरंजीवांना दोनदा गाडी लागून गेली होती आणि मला जगात एकाच गोष्टीची ओढ होती, ती म्हणजे न्हाणीघराची. पण मुक्कामाच्या घराच्या फाटकात यजमान काका उभे होते. हातात तबक, तबकात निरांजन आणि अक्षता. शेजारी काकू, कोकम सरबताचे ग्लास घेऊन. मध्ये एका तिकाटण्यावर काळा फळा, त्यावर रंगीत खडूंनी आमच्या आडनावासह 'परिवाराचे सहर्ष स्वागत'. आमच्या आडनावामागून आदल्या परिवाराचं आडनाव पुसट डोकावत होतं.

"साहेब, पाय एकत्र ठेवा," काका म्हणाले. पाय मी मघापासून एकत्रच ठेवले होते, पण त्याचं कारण वेगळं होतं.

औक्षण यथासांग झालं. निरांजन वाऱ्याने दोनदा विझलं, दोनदा पुन्हा लावलं गेलं, कारण फोटो नीट यायला हवा होता. मग सरबत. ते आमसुलाचं नसून आगळाचं कसं, आगळ गेल्या मे महिन्यातलं कसं, आणि ताम्हिणीतून येणाऱ्याच्या पित्ताला ते कसं उतारा पडतं, हे सांगून झाल्यावर काकांनी किल्ली दिली. किल्लीला पितळी टोकन. बँकेत पैसे काढताना पूर्वी मिळायचं ना, अगदी तसंच, मुद्दाम घडवून घेतलेलं. आमचा नंबर ३.

किनाऱ्यावर अशा काकांची आता चांगली वस्ती झाली आहे. पस्तीस वर्षं बँकेत, वीज मंडळात नाहीतर पाटबंधाऱ्यात काढायची, निवृत्तीनंतर वडिलोपार्जित घराची कौलं बदलायची, दोन खोल्यांना लागून संडास-बाथरूम बांधायचं आणि पाटी लावायची. 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' ही पाटी कोकणात जुनीच. तिच्या जोरावर कित्येक घरांनी पाहुण्यांना उकडीचे मोदक खिलवले आणि कुणाचं औक्षण केलं नाही. पर्यटन महामंडळाची न्याहरी-निवास योजना आली, तिनेही कुणाच्या हातात तबक दिलं नाही. तबक आलं ते मोबाईलमधून. काकांच्या पुण्यातल्या मुलाने घर एअरबीएनबीवर चढवलं आणि जाताजाता वडिलांना दोन शब्द शिकवून गेला, 'पर्सनल टच'. बँकेत सर्क्युलर आलं की अंमलबजावणी करायची, शंका काढायची नाही, या शिस्तीत मुरलेल्या माणसाला दोन शब्द पुरेसे असतात.

त्या कंपनीचा जन्म काकांना तोंडपाठ आहे. २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोत परिषदेच्या दिवसांत हॉटेलं भरली, तेव्हा भाड्याच्या पैशांची चणचण असलेल्या दोन तरुणांनी दिवाणखान्यात हवेच्या गाद्या फुगवून तीन पाहुणे ठेवले आणि सकाळी नाश्ता दिला. "म्हणजे बघा," काका म्हणतात, "न्याहरी-निवासच!" हे ऐकताना पाहुण्याच्या हातात बॅगा असतात. खाली ठेवायला काका सांगत नाहीत असं नाही, पण त्या जागी रांगोळी असते.

खरा टच आधीच सुरू झालेला असतो. आगाऊ रक्कम जमा होताच व्हॉट्सॲपवर प्रश्नावली येते. प्रश्न सतरा. मुलांना काय आवडत नाही, लग्नाचा वाढदिवस कधी, चहा कसा, छंद कोणता, उशी जाड की पातळ. आपण गाडी चालवता चालवता नाहीतर मीटिंगमध्ये काहीतरी उत्तरं टाकतो आणि विसरतो. काका विसरत नाहीत. ते प्रिंट काढतात, फाईल करतात.

छंदासमोर मी 'वाचन' लिहिलं होतं. विवाहेच्छुक मुलं लिहायची तसं, दुसरं काही सुचलं नाही म्हणून. खोलीत शिरलो तर पलंगाशेजारी त्यांच्या बँकेच्या गृहपत्रिकेचे अकरा बांधीव अंक. कवितांच्या पानांवर खुणेच्या चिठ्ठ्या. कविता कुणाच्या, हे विचारावं लागलं नाही. पलंगावर टॉवेलचा हंस होता. कुठल्याशा व्हिडिओत पाहून काकांनी शिकून घेतलेला. पण व्हिडिओतला टॉवेल जाडजूड आणि इथला पंचा, त्यामुळे मान टाकलेला तो पक्षी हंस कमी आणि पावसात भिजलेला बगळा जास्त वाटत होता. चिरंजीवांनी त्याला हळूच पांघरूण घातलं.

आणि सूचना. आपुलकी हवेने उडू नये म्हणून काका ती लॅमिनेट करतात. आरशावर, 'आपण छान दिसत आहात. नळ बंद करावा.' खिडकीवर, 'पहाटे कोकीळ ऐकावी. माकडे असल्यास खिडकी उघडू नये.' गीझरवर, 'गरम पाणी हे पाहुण्यांचे हक्काचे आहे (सकाळी ६ ते ९).' ओटीवर अभिप्रायाची वही आणि तिला सुतळीने बांधलेलं पेन. एवढ्या प्रेमाने ओवाळलेल्या माणसाने पेन न्यावं हा संशय कुठून येतो, असं मनात आलं. पण पस्तीस वर्षं काउंटरमागे बसल्यावर माणसाला माणूस कळतो, त्याला इलाज नाही. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांच्या आत ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. परदेशी पाहुणा अजून फिरकलेला नाही, पण फॉर्म काकांना पाठ आहे. मला तर वाटतं, पाहुण्यापेक्षा त्या फॉर्मचीच ते वाट बघताहेत.

ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी त्या शब्दाची फोड आपल्याला शाळेत सांगतात. काकांकडे येणाऱ्याची तिथी, वेळ, आगाऊ रक्कम आणि निघायची घटका सगळं ठरलेलं. शिवाय ज्या तैत्तिरीय उपनिषदाच्या आधारावर पाहुण्याला देव म्हणतात, तिथेही आई, वडील आणि गुरू यांच्यानंतर त्याचा नंबर चौथा लागतो. हे मी काकांना सांगितलं. ते थोडे विचारात पडले. "चौथा का असेना," म्हणाले, "टोकन आहे ना त्याच्याकडे?"

आमच्या सौभाग्यवतींच्या बाबतीत मात्र टच जरा जोरात लागला. प्रश्नावलीत तिने 'चहा बिनसाखरेचा' लिहिलं होतं. तिला तसा आवडतो, एवढंच. काकांनी त्यावरून निदान केलं. पहिल्या रात्री तिच्या ताटाशी कारल्याची भाजी. दुसऱ्या दिवशी दुपारी मोदक झाले, सांगून ठेवलेले, सुरेख सात पाकळ्यांचे, तर माझ्या पानात पाच आणि तिच्या पानात काकडी. "ताईंना साखर आहे ना," काका हळू आवाजात मला म्हणाले, आणि ती 'नाही हो काका, मला काही नाही' म्हणाली तर मायेने हसले. तसं सगळेच म्हणतात, असं ते हसणं होतं. संध्याकाळी ती बराच वेळ दिसेना म्हणून शोधायला गेलो, तर मागीलदारी पाट्या-वरवंट्याजवळ बसून दोन्ही हातांनी मोदक खात होती. काकू वरून तूप सोडत होत्या. "यांना सांगू नका," काकू म्हणाल्या, "फाईलमध्ये लिहितील." काकूंना पर्सनल टच हा शब्द माहीत नाही. आडनावंही त्यांच्या लक्षात राहत नाहीत. त्यांनी तिला एकदाच विचारलं होतं, "जेवलीस का नीट?" आणि उत्तर ऐकून घेतलं होतं.

हे सगळं काका पैशांसाठी करतात असं कुणी म्हटलं तर मी भांडेन. पैसे पेन्शनचे पुरतात. काकांना तारे हवे असतात. एअरबीएनबीवर 'सुपरहोस्ट' म्हणवून घ्यायचं तर सरासरी ४.८ लागते आणि दर तीन महिन्यांनी तपासणी होते. तिमाही क्लोजिंग! निवृत्तीनंतर हरवलेली भीती त्यांना परत मिळाली आहे. "पाचपैकी चार म्हणजे ऐंशी टक्के," ते सांगत होते, "आमच्या वेळी ऐंशी टक्क्यांना गल्लीभर पेढे वाटायचे. इथे ऐंशी म्हणजे नापास."

निघताना पुन्हा तबक. हातावर दही, गाडीत एक शहाळं, मुलाला फणसपोळी, तिला न विचारता कारली. वहीत मी भरभरून लिहिलं. पुण्याला पोचल्यावर ॲपवर तारे दिले. स्वच्छतेला पाच, स्वागताला पाच (सहावा असता तर तोही दिला असता), आणि 'लोकेशन'ला देताना अंगठा घसरला, चार पडले.

रात्री साडेनऊला फोन आला.

"साहेब, लोकेशनला चार?"

अंगठा घसरला म्हणायची लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "नाही, म्हणजे बाकी सगळं उत्तमच काका. समुद्राला जाताना जरा वळसा पडतो, एवढंच."

पलीकडे शांतता. मग, "बरोबर आहे. शेजारच्या आगराला फेरा पडतो. सूचना नोंदवली."

मी विषय संपला असं समजलो. बारा दिवसांनी व्हॉट्सॲपवर फोटो आला. घरामागचा जांभ्याचा गडगा, त्यात चार चिरे काढून पाडलेलं माणूसभर खिंडार, खिंडारात उभ्या असलेल्या कंटाळलेल्या काकू, आणि त्यांच्यामागे खरोखरच समुद्र. खिंडाराच्या कडेला लॅमिनेट केलेली पाटी, 'समुद्राकडे. पुणे येथील पाहुण्यांच्या सूचनेवरून.' खाली मजकूर होता, "आता अडीच मिनिटं. काकूंच्या चालीने तीन."