बावन्न पायऱ्यांची आत्या

आमच्या आत्याचं सासर वज्रेश्वरी. त्यामुळे जगातलं कुठलंही देवस्थान ती बावन्न पायऱ्या, किल्ल्यासारखा तट आणि गरम पाण्याची कुंडं याच मापाने मोजते. तिरुपतीला कुंड गार, म्हणून बालाजीचे गुण तिने केव्हाच कापलेत. अशा बाईला आम्ही पणजीच्या चर्च स्क्वेअरमध्ये आणून उभं केलं.

चढावर पांढरंशुभ्र चर्च, पुढ्यात नागमोडी जिना.

"पायऱ्या बऱ्या आहेत," आत्या म्हणाली. एवढी दाद तिने काशीलाही दिली नव्हती. मला चेव आला. १५४१ साली इथे लहानसं प्रार्थनाघर होतं, १६१९ साली मोठं चर्च झालं, लिस्बनहून सुखरूप पोचलेले खलाशी आभार मानायला आधी इथे यायचे...

"नवस फेडायला, असं म्हण ना! आमच्या चिमाजीअप्पांनी वसईच्या किल्ल्यासाठी वज्रेश्वरीला नवस केलाच होता की. १७३९ला किल्ला पडला आणि देऊळ उभं राहिलं. वसईतल्या चर्चच्या घंटा कुठकुठल्या देवळांत गेल्या!" घंटा उतरवताना शिडी आपणच धरली होती, असा तिचा सूर. मग तिने वर पाहिलं. "आणि ही कुठली?"

"जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची. मठ ओस पडला, मग इथे आणली."

"म्हणजे यांचीही आणलेलीच!" आत्याला फार बरं वाटलं.

समोरच्या बागेत वास्को द गामाच्या सफरीच्या ४०० वर्षांनिमित्त उभारलेला खांब आहे. गोवा मुक्त झाल्यावर खांबावरचा वास्को खाली उतरला, अशोकाचे सिंह वर गेले. "भाडेकरू बदलला," आत्याने निकाल दिला. बागेला नाव मात्र गार्सिया द ओर्ताचं. या वैद्याचं औषधींवरचं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. तो मेल्यावर, लपून ज्यू धर्म पाळत होता म्हणून, १५८० साली इन्क्विझिशनच्या धर्मन्यायालयाने त्याची हाडं उकरून जाळली.

"मेल्यावर छळलं? आपल्याकडे बरं, जिवंतपणीच उरकतात."

मग ती जिना चढू लागली. वज्रेश्वरीच्या पायऱ्यांवर सोनेरी कासव आहे, त्याला नमस्कार केल्याशिवाय तिचा पाय पुढे पडत नाही. इथे नेमकी मधल्या टप्प्यावर पिवळ्या झग्यातली एक मुलगी फोटोसाठी बसली होती. आत्याचे हात सवयीने जुळले. मुलगी लाजली आणि तिने मोबाइलच आत्याच्या हातात दिला.

आत्याने मन लावून फोटो काढला. घंटा सुरेख आली, जिनाही आला. मुलीचा फक्त झगा आला.