कॉन्फिगरेशनकाका

घरात कॉम्प्युटर घ्यायचा विषय निघाला की आमच्या सोसायटीत आधी दुकानात कोणी जात नाही, बी विंगमधल्या काकांकडे जातं. काकांचं खरं नाव विजेच्या मीटरवर आहे. बाकी सगळे त्यांना कॉन्फिगरेशनकाका म्हणतात. असे काका कोथरूडात दर दोन गल्ल्यांमागे एक सापडतील, पण आमच्या काकांसारखी वही कुणाकडे नसेल.

ही वही शंभर पानी, खाकी कव्हर घातलेली. प्रत्येक पानावर फूटपट्टीनं आखलेले रकाने: प्रोसेसर, रॅम, डिस्क, पडदा, किंमत. काका सरकारी कचेरीत हिशेब विभागात होते, त्यामुळे रकाना आखल्याशिवाय त्यांना विचार सुचत नाही. उजव्या कडेला पेन्सिलीनं आखलेले आणखी दोन अरुंद रकाने आहेत. एकावर लिहिलंय ‘सांगतात ते’, दुसऱ्यावर ‘खरं’.

पहिला रकाना पहिल्याच भेटीत भरतो. दुसरा तीन महिन्यांनी, काका ‘जरा अँटीव्हायरस बघून जातो’ म्हणून येतात तेव्हा.

त्यांची कारकीर्द 2001 साली लॅमिंग्टन रोडवर सुरू झाली. पुण्यात जोडून मिळणारा पीसी तिथे दोन हजारांनी स्वस्त पडतो, एवढ्या भांडवलावर काका सकाळच्या डेक्कन क्वीननं निघायचे, दादरला उतरून लोकलनं ग्रँट रोड गाठायचे, आणि बारा दुकानं फिरून तेराव्यात खरेदी करायचे. ते तेरावं दुकान म्हणजे बहुतेक पहिलंच असायचं. परत येताना कॅबिनेट खिडकीच्या सीटवर आणि काका शेजारी उभे. ‘हार्ड डिस्कला धक्का सोसत नाही,’ असं ते उभ्या असलेल्या बाकीच्या प्रवाशांना समजावून सांगत.

तेव्हाचा वाद एकच होता. पेंटियम थ्री की सेलेरॉन? गिऱ्हाइकाला पेंटियमच हवा असे, कारण व्याही विचारतात. काका सांगत, अहो, दोघांच्या पोटातला गाभा एकच, सेलेरॉनला कॅश मेमरी निम्मी, 256 ऐवजी 128 केबी. वाचलेल्या पैशात रॅम चौसष्टची एकशे अठ्ठावीस करा. हा सल्ला शंभर टक्के बरोबर होता आणि कुणीही ऐकला नाही. पेंटियमचं स्टिकर दिसावं म्हणून लोकांनी कॅबिनेट टेबलाखालून वर घेतलं, त्यावर क्रोशाचं कव्हर घातलं, आणि स्टिकरपुरती त्या कव्हराला खिडकी ठेवली.

जुन्या वह्या काकांनी मला एकदा दाखवल्या. पहिल्या रकान्यात ओळीनं ‘मुलाचा अभ्यास’, ‘मुलाचा अभ्यास’, ‘मुलाचा अभ्यास (इंजि.)’. या कंसातल्या इंजिनिअरला ग्राफिक्स कार्ड हवं होतं. कशाला, असं वडिलांनी विचारलं तर चिरंजीव म्हणाले, ऑटोकॅडला लागतं. कार्ड आलं. तीन महिन्यांनी काका गेले तेव्हा पडद्यावर एक दांडगा इसम दुसऱ्याची मोटार पळवून समुद्रकिनाऱ्यानं चालला होता. ‘खरं’च्या रकान्यात नोंद आहे: ‘व्हाइस सिटी’. वडिलांना काकांनी काही सांगितलं नाही. कार्ड योग्य निवडलं होतं, एवढ्यावर ते समाधानी होते.

चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी आत्मचरित्र लिहायला म्हणून संगणक घेतला. मराठी फाँट बसवला, छपाईयंत्र घेतलं, त्याची शाई दोनदा वाळली. आत्मचरित्र ‘माझा जन्म’ इथवर आलं. खऱ्या रकान्यात ‘नातू, न्यू जर्सी’ एवढंच आहे. आजोबांना रॅम लागत नव्हती, प्रोसेसर लागत नव्हता. बरा कॅमेरा, मोठा आवाज आणि अमेरिकेत रविवारची सकाळ व्हायला हवी होती.

मात्र दोन्ही रकाने जुळतात अशीही एक नोंद आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी स्पष्टच सांगितलं होतं, ‘मुलीची स्थळं बघायचीत.’ त्यांनी एक्सेलमध्ये तक्ता केला: गोत्र, उंची, पगार, घर स्वतःचं की भाड्याचं, सासूचा स्वभाव (ऐकीव). सॉर्ट, फिल्टर, रंग, सगळं. सेलेरॉनची एवढी पिळवणूक सोसायटीत कुणी केली नव्हती. मुलीनं शेवटी तक्त्यात नसलेला मुलगा केला हा भाग वेगळा. त्यात यंत्राचा दोष नाही, असं काकांचं मत.

आता वादाचे शब्द बदललेत. परवा सी विंगमधला एक गृहस्थ जुना लॅपटॉप घेऊन फुशारकीनं आला. ‘आय सेव्हन, काका! अठरा हजारांत!’ काकांनी चष्मा कपाळावर नेला. ‘आय सेव्हन हे घराणं झालं. जन्मसाल काय?’ जनरेशन चौथी निघाली. काका हळहळले, कारण विंडोज 10 चा नियमित सांभाळ मायक्रोसॉफ्टनं 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवला, आणि विंडोज 11 च्या यादीत इंटेलची मंडळी साधारण आठव्या पिढीपासून पुढची. ‘आठव्या पिढीचा आय फाइव्ह घेतला असतास तर पंक्तीत बसला असता.’

नव्या, स्वस्त यंत्रांचीही त्यांनी अशीच चिरफाड केली आहे. 4 जीबी रॅम बोर्डावर डाग देऊन बसवलेली असली तर ती जन्मभर चारच राहणार. 64 जीबीच्या साठवणीत विंडोज पाय पसरतं आणि फोटोंना ओसरीवर झोपावं लागतं. ‘आठ जीबी आणि एसएसडी. प्रोसेसर काय वाटेल तो घाला, घरात कोण रॉकेट सोडतंय?’ हे वाक्य ते प्रत्येकाला ऐकवतात. पुढे लगेच म्हणतात, ‘पण आत्ता घेऊ नका. दसऱ्यानंतर उतरेल.’ दसऱ्यानंतर नवी जनरेशन येऊ घातलेली असते.

यामुळेच त्यांचा स्वतःचा पीसी 2009 चा आहे. त्यावर ते दोनच कामं करतात: पाणीकपातीची नोटीस टाइप करणं आणि नव्या कॉम्प्युटरांचे भाव बघणं. काकू दिवसभर मोबाइलवर असतात. विजेचं बिल, मालिका, भिशी, सगळं तिथेच. हा विषय काकांसमोर काढायचा नसतो.

मार्चमध्ये मीही गेलो. काकांनी पान आखलं.

‘बजेट?’

‘पस्तीस.’

‘म्हणजे चाळीस. कशासाठी?’

‘लेखन,’ मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं, गुरुजी मंगळाच्या पत्रिकेकडे बघतात तसं, आणि पहिल्या रकान्यात सुबक अक्षरात लिहिलं: लेखन. दसऱ्याचं नाव न काढता त्यांनी लॅपटॉप निवडून दिला, हे विशेष.

जूनमध्ये ते अँटीव्हायरस बघायला आले. मी चहा टाकायला आत गेलो. कप घेऊन बाहेर आलो तर वही मांडीवर उघडी, पेन्सिल हातात, आणि पडद्यावर माझा सकाळचा अर्धवट डाव. काका नाक पडद्याला लावून बसले होते.

‘बदामाची सत्ती त्या किलवरच्या अठ्ठीवर जाते,’ ते म्हणाले. ‘कधीची अडवून ठेवलीयेस?’