आबांचा कान

खंबाटकी चढायच्या आधी गाडी एकदा दाखवून घ्यावी, असं वाटणारी माणसं खंडाळ्याला थांबतात. लोणावळ्याच्या नव्हे, आपल्या पारगाव-खंडाळ्याला. सलग सुट्ट्या आल्या की घाटात गाड्यांची रांग लागते, बॉनेटं उघडी पडतात आणि बाटल्यांनी पाणी ओतणं सुरू होतं. त्या धास्तीनं माणूस गॅरेजात शिरतो, आणि तिथं बाकड्यावर आबा असतात.

मिस्त्री वेगळा. तो गाडीखाली असतो, त्याचे फक्त पाय दिसतात. आबांनी जन्मात पाना धरलेला नाही, म्हणून तर लेंगा इतका पांढरा. पण गाडी अजून वळतीय तोवर त्यांचं निदान झालेलं असतं.

"चेन वाजतीया, पावणं."

"कशावरून?"

"एसटीत हयात गेली माझी."

गेली खरी, पण तिकिटं फाडण्यात, हे आबा सांगत नाहीत. शिवाय एसटीच्या इंजिनात टायमिंगला चेन नसतेच, गिअर असतात. हे मिस्त्री सांगत नाही. रोजचा चहा आबांकडून येतो.

हा माणूस पूर्वी कार्बोरेटरवर बोलायचा. 2007 साली स्विफ्ट डिझेलवर आली, फियाटचं 1.3 लिटरचं मल्टिजेट घेऊन. त्या इंजिनात चेन. मग बाकड्यावरचा विषय बदलला तो कायमचा.

चेनचं खरं लक्षण सकाळी कळतं. रात्रभर थंड पडलेली गाडी स्टार्टर मारला की दोन-चार सेकंद खडखडते. ऑइलचं प्रेशर चढलं की टेन्शनर चेन ताणून धरतो आणि आवाज बसतो. म्हणून मिस्त्री म्हणतो, रातभर गाडी ठेवा. आबांना एवढा दम कुठला? पुण्याहून तापून आलेल्या इंजिनावर ते डिसमिस टेकवतात, मूठ कानाला लावतात, डोळे मिटतात. चेहऱ्यावर अशी समाधी लागते की गाडीवाला खिशातलं पाकीट चाचपतो.

"वरचं झाकण काढलं की चेन हातात," हे त्यांचं पुढचं वाक्य. वरचं झाकण काढून चेनचा वरचा वळसा दिसतो, ढिली आहे का याचा अंदाज येतो, एवढंच. बेल्ट असता तर प्लॅस्टिकचं कव्हर काढून तो बघता तरी आला असता. चेन ऑइलात फिरते, म्हणून ती पक्की बंद. तिथवर पोचायला ड्रायव्हरच्या बाजूचं पुढचं चाक काढा, आतला मडगार्ड काढा, इंजिनाला खालून जॅकचा टेकू देऊन माउंटिंग सोडा, क्रँकची पुली उतरवा, तेव्हा कुठं पुढचं कव्हर निघतं. परत बसवताना टायमिंग हललं तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. त्यामुळे मिस्त्री आधी डिपस्टिक ओढतो. ऑइलच कमी असलं तर टेन्शनर तरी काय ताणणार? पाचातल्या दोन गाड्या तिथंच बऱ्या होतात, असं मिस्त्री म्हणतो. आबांना हा निव्वळ रसभंग वाटतो.

पण एकदा चेन खरोखरच लांबलेली निघाली. तिचा तुकडा आबांनी घरी न नेता बाकड्याखाली ठेवला. आता प्रत्येक गिऱ्हाइकापुढं तो आडवा धरतात. झिजलेली चेन आडवी धरली की धनुष्यासारखी वाकते, हे त्यातलं एकुलतं एक शास्त्रशुद्ध वाक्य.

परवा एक जुनी इंडिका आली. धनुष्य दाखवून झालं, खर्चाचा आकडा सांगून झाला. गाडीखालून मिस्त्री ओरडला, "आबा, हिला बेल्ट आस्तो!"

आबा गप्प बसले नाहीत. गाडीवाल्याला बाजूला घेतलं, आवाज खाली आणला.

"पावणं, या आधी गाडी कुठं दाखवली व्हती?"

"पुण्यात. का हो?"

"चेन काढून घेतली बघा त्यांनी. बेल्टावर भागवलंय तुमचं."