चकाकी खात्याचे अधीक्षक

गिरगावातील मुगभाटापासून दादरच्या हिंदू कॉलनीपर्यंत, जेथे जेथे मोटार उभी करण्यापुरती वहिवाटीची जागा अद्याप शाबूत आहे, तेथे तेथे रविवारी सकाळी एक विशिष्ट गृहस्थ हमखास दृष्टीस पडतात. वयाने साठीपलीकडचे, सारी हयात पोर्ट ट्रस्टात, महापालिकेत किंवा सचिवालयात दुसऱ्यांच्या टिपणांवर शेरे मारण्यात खर्ची पडलेली, अंगात बाह्यांची बंडी, खांद्यावर पिवळा फडका आणि पुढ्यात निर्विकारपणे उभी असलेली मलई रंगाची पद्मिनी. वाडीतील आबालवृद्ध त्यांना अप्पा म्हणतात. गाडी चालते काय, असे अप्पांना कोणी विचारू नये. चकाकते काय, एवढेच विचारावे.

या निष्ठेला इतिहासाचे अधिष्ठान आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ साली जी फियाट बाहेर पडली आणि जिचे १९७४ साली पद्मिनी असे नामकरण झाले, ती मिळवण्यासाठी ज्या पिढीने नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिली, त्या पिढीचे अप्पा हे हयात वारसदार होत. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी वीस वर्षांची मुदत भरून शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली, तेव्हा अवघे शहर हळहळले; परंतु अप्पांचा निष्कर्ष निराळा होता. त्या गाड्या वयाने गेल्या नाहीत, ड्रायव्हरांच्या धुळकट फडक्यांनी गेल्या, असे त्यांनी सोसायटीच्या वार्षिक सभेत, विषयपत्रिकेत नसताना, नमूद करून घेतले.

अप्पांच्या दप्तरी नोंद झाल्याखेरीज कोणतेही द्रव्य गाडीच्या अंगाला लागत नाही. ऑपेरा हाऊसकडील मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानांतून आणलेला प्रत्येक डबा प्रथम ‘विचाराधीन’ म्हणून जिन्याखालच्या कपाटात दाखल होतो. मग एखाद्या रविवारी झाकण उघडून वासाची तपासणी होते, चिमूटभर लुकण अंगठ्याखाली रगडून त्यात खर जाणवते काय ते पाहिले जाते, आणि तेवढ्यावर समाधान झाले तरच डिकीच्या झाकणाच्या आतल्या कडेवर, जेथे सूर्याची आणि शेजाऱ्यांची नजर पोहोचत नाही अशा बोटभर जागेवर, त्याला तात्पुरती नेमणूक मिळते. आठवड्याने अप्पा तेथे पाण्याचा थेंब सोडतात. थेंब गोल राहून ओघळला, तर मेण कामावर रुजू आहे. पसरट होऊन बसला, तर डबा बडतर्फ.

या खात्यातील श्रेणीही त्यांना मुखोद्गत आहेत. रबिंग कंपाऊंड हे रंगाचा वरचा थर खरवडणारे, म्हणून त्याचा अंमल केवळ ओरखड्यापुरता; पॉलिश त्याहून मवाळ; आणि सर्वांत शेवटी मेण, तेही ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरचे, ज्याला कार्नोबा म्हणतात आणि ज्याच्याइतके कठीण नैसर्गिक मेण क्वचितच सापडेल. भांड्यांचा साबण म्हणजे राजद्रोह, कारण तो मळाबरोबर मेणही धुऊन नेतो. टायरला चिकटलेल्या डांबरासाठी घासलेट, काचेला रद्दीचा कागद, आणि अंगासाठी बारा वेळा धुतलेल्या जुन्या धोतराचा तुकडा, ही त्यांची ठाम मते. पुतण्याने आणून दिलेला मायक्रोफायबरचा फडका त्यांनी स्वीकारला, परंतु त्यावर ‘परकीय’ असा शेरा मारून तो केवळ आरशांकडे वर्ग केला.

शत्रुपक्ष प्रबळ आहे. चौपाटीकडून येणारा खारा वारा पत्र्याला गंज चढवतो. कावळे-कबुतरांची विष्ठा उन्हात सुकली की तिच्यातील आम्ल रंगात उतरते. लालबागेच्या मिरवणुकीतून परतलेला गुलाल कोरडा झटकण्याऐवजी कोणी ओल्या हाताने पुसला की त्याचा डाग कायमचा मुक्काम करतो. आणि पावसाळ्यात गाडीवर घातलेली ताडपत्रीच आत वाफ कोंडून रंगाला फोड आणते, ही तर खुद्द संरक्षण खात्यातील फितुरी. मात्र अप्पांचा सर्वांत अवघड सामना दसऱ्याच्या सकाळी असतो. दादरच्या फूलबाजारातून आणलेला झेंडूचा हार गाडीला घातला जातो, तोवर ठीक. पण काकू हळदीकुंकवाची वाटी घेऊन बॉनेटकडे सरसावल्या की अप्पा मधे येतात.

“अगं, स्वस्तिक काचेवर काढ. हळद रंगात मुरते.”

“अहो, पूजा गाडीची की काचेची?”

या प्रश्नास कोणत्याही नियमावलीत उत्तर नसल्यामुळे स्वस्तिक दरवर्षी बॉनेटवरच उमटते आणि अप्पा दुपारी जेवण लवकर आटोपून त्याच्या निर्मूलनास लागतात.

परंतु या साऱ्या दक्षतेत एक गोष्ट अप्पांच्या नजरेतून निसटली आहे, किंवा नजरेस येऊनही तिची दप्तरी नोंद होऊ शकलेली नाही. पद्मिनीच्या जुन्या रंगावर आजकालच्या गाड्यांसारखा पारदर्शक लेप नाही, त्यामुळे पॉलिश करताना फडक्यावर जो मलई रंगाचा डाग उतरतो, तो मळ नसून खुद्द गाडी असते. पुढच्या मडगार्डच्या कडेला राखाडी अस्तर आता स्पष्ट दिसू लागले आहे, आणि ज्या गाडीला रस्त्याने कधी फारशी इजा केली नाही, तिला ही अखंड सेवा थोडी थोडी झिजवीत आहे. वाडीत हे सर्वांना ठाऊक आहे. सांगत कोणी नाही.

गेल्या पाडव्याला पुतण्याने सिरॅमिक लेपाची तजवीज मांडली. एकदा लावला की कित्येक महिने मेण नको, घासणे नको, पाणी ओतले की गाडी स्वच्छ. अप्पांनी माहितीपत्रक चष्मा बदलून दोनदा वाचले, गुणांची मनःपूर्वक प्रशंसा केली, आणि समासात पेन्सिलीने लिहिले: “प्रस्ताव सर्वतोपरी उत्तम. तथापि त्यायोगे आस्थापनेवरील एकमेव कर्मचारी निष्कारण बेकार होत असल्याने नामंजूर.”